वहीवरून उतरवलेली वही

शनिवारी दुपारी नात नम्रता माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. ती एका मोठ्या हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळते. दोन महिन्यांपूर्वी तिथला एक स्विच, म्हणजे विभागांच्या तारा एकमेकींना जोडणारी पेटी, जळाला. नवा लगेच आणला, पण जुन्यात काय काय बसवलेलं होतं, कुठली तार कुठल्या विभागाची, हे कुणीच जपून ठेवलं नव्हतं. केसपेपरची खिडकी दुपारपर्यंत बंद राहिली. आता ही सगळी मांडणी रोज आपोआप उतरवून घेणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं होतं, आणि निवड नम्रतावर सोपवली होती. तिच्या नावावरचा हा पहिलाच निर्णय.

"दोन उरलीत, आजी. एक अगदी रुक्ष. दुसरं बघ, किती देखणं आहे. सरांना कालच सांगून टाकलं, हेच घेऊ."

पडद्यावर हिरवे ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एका स्विचची प्रत नीट उतरली.

"हे कशावरून उतरवतं? तारेवरून की वहीवरून?"

"आजी, वही कुठून आली इथे?"

मग सांगावंच लागलं. शहात्तर साली मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. येरवड्याहून दोन बस बदलून जायचे. फ्रेमच्या, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन जुळतात त्या लोखंडी सांगाड्याच्या, खोलीत शिरलं की मेणाचा आणि वितळलेल्या कथलाचा वास यायचा. हजारो तारा, आणि कुठली कुणाच्या घरी जाते ते एका जाड वहीत. वही फाटत आली, तेव्हा माझं अक्षर चांगलं म्हणून नवी उतरवायचं काम मला मिळालं. पंधरा दिवसांत झाली. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली.

पुढे केबलमध्ये पाणी शिरलं. माझी वही समोर ठेवून तारा पुन्हा जोडल्या, आणि मंडईतल्या कांद्याच्या व्यापाऱ्याचे फोन शनिवार पेठेत गोपाळकृष्ण नावाच्या निवृत्त मास्तरांकडे वाजू लागले. त्यांचं पत्र आलं : 'आपल्या कृपेने कांद्याचा भाव रोज घरबसल्या कळतो. आता कांदेही पाठवावेत.'

"मधल्या वर्षांत तारा हलवल्या होत्या गं, पण वहीत कुणी लिहिलंच नव्हतं. मी त्याच चुका सुंदर अक्षरात उतरवल्या."

आमच्या वरिष्ठ मुक्ताई कांबळे. त्या रागावल्या नाहीत. तीन रविवार माझ्यासोबत फ्रेमपाशी उभ्या राहिल्या. त्यांनी तारेवर बोट ठेवायचं, मी लिहायचं. दुपारी जिन्यात बसून आम्ही भाकरी आणि लसणाची चटणी खायचो. नोकरीच्या चौतीस वर्षांतले ते तीन रविवार मला सगळ्यात जास्त आठवतात.

नम्रताचं हसू मात्र थांबलं होतं.

"स्विचमध्येही मांडणीच्या दोन प्रती असतात," ती सावकाश म्हणाली. "एक साठवलेली, एक आत्ता चालू असलेली. बदल करून साठवायला विसरलं की दोन्हींत फरक पडतो. आणि आमच्याकडे सगळेच विसरतात."

तिने इथूनच ऑफिसातल्या चाचणीच्या स्विचमध्ये एक बदल केला आणि मुद्दाम साठवला नाही. मग दोन्ही सॉफ्टवेअर चालवली. रुक्ष असलेल्याने बदल बरोबर उतरवला. देखण्याच्या प्रतीत बदल नव्हता. ठिपका हिरवाच.

"ते बदलता नाही येत?"

तिने कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत बघू.

मग तिने सरांना फोन लावला. "सर, काल मी जे सांगितलं ते चुकलं." पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. त्यांनी वरच्यांना तेच नाव कळवून टाकलं होतं.

"मग मीच त्यांना सांगते, सर. करून दाखवते."

"सोमवारी साडेदहाला या," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

नम्रताने लॅपटॉप मिटला.

"आजी, वहीवरून तुला लोक किती दिवस बोलले?"

"वर्षभर. मग दुसरं कुणीतरी चुकलं."