वरून पाणी

शुभांगीच्या दातांना तारा लागून दीड वर्ष झालं, तरी समोरच्या वरच्या-खालच्या दातांमधली फट मिटेना. शेवटी वाशिमच्या दातांच्या डॉक्टरांनी तिला बोलण्या-गिळण्याचे उपचार करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. आजोबा पंजाबराव सोबत गेले.

मॅडम म्हणाल्या, "तारा दात मागं ओढतात आणि गिळताना हिची जीभ ते पुढं ढकलते. शुभांगी, जीभ टाळूला लाव, ओठ मीट, मगच गिळ. सवय मोडली नाही तर तारा काढल्यावर फट परत येईल."

पोरीनं महिनाभर नेमानं सराव केला. तरी मॅडमचं समाधान होईना.

एका दुपारी अनसिंग गावातल्या आपल्या वावरात वांगी तोडता तोडता शुभांगीनं तांब्या उचलला, मान मागं टाकली आणि उघड्या तोंडात वरून धार सोडली. गटागट गिळताना तिची जीभ फटीतून पुढं आलेली पंजाबरावांनी पाहिली आणि ते चपापले. तांब्याला ओठ लावायचे नाहीत, हे त्यांनीच तिला दटावून शिकवलं होतं.

"थांब! ओठ लावून पी."

"आबा, तांब्या उष्टा होईन ना!"

"होऊ दे. तो आता तुहाच."

"अन् तुमाले?"

"मले ओंजळ हाय. माह्याकडं नको पाहू, लहान घोट घे."

तीन महिन्यांनी मॅडमनी तिला पाणी पाजून पाहिलं. "एवढी सुधारणा कशी झाली?"

"म्याच बिघडवलं होतं," पंजाबराव म्हणाले, "आता मीच सुधरवून राह्यलो."

फट अजून होती, पण जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी.