दोन मिनिटांचा उजेड

तिनं लेन्स ट्यूबलाइटखाली धरली आणि मनगट हळूच तिरकं केलं. काचेत ट्यूबलाइटची पाच-सहा प्रतिबिंबं उमटली, काही हिरवट, काही जांभळी, एकामागे एक. लेन्स फिरवली तशी ती सगळी एका ओळीत आली. एक मात्र बाजूलाच राहिलं.

"ही नको," ती म्हणाली. "आतली एक काच मध्यावर नाही. कुणीतरी उघडून परत बसवलीय."

दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला आणि लेन्स हातात घेतली. दुर्बिणी आणि जुने कॅमेरे विकता विकता त्याचे केस पिकले होते. त्यानंही तिच्यासारखंच मनगट फिरवून पाहिलं आणि तो जरा ओशाळला.

"तीन वर्षं इथं पडून आहे. आजवर कुणी बोललं नाही."

"कामच ते आहे तिचं," मागच्या स्टुलावरून तिचा नवरा म्हणाला. "चष्म्याच्या दुकानात काचा घासते. सत्तावीस वर्षं झाली. माझ्या चुकाही अशाच काढते, उजेडात धरून."

दुकानदार हसला आणि त्यांना भिंतीपाशी घेऊन गेला. तिथं कमरेइतकी उंच, पांढरी शुभ्र दुर्बीण उभी होती.

"मग तुम्हाला ही दाखवतो. हिला डोळा लावलात की शनीची कडी स्वच्छ दिसतात. सगळी बिल्डिंग गच्चीवर गोळा होईल."

"जिन्यातून चढेल का ही?" नवऱ्यानं विचारलं. तो वायरमन होता. कुठलीही वस्तू दिसली की आधी ती उचलायची कुणी, हेच त्याच्या मनात यायचं.

"मला डोळा लावायचा नाही," ती म्हणाली. "फोटो काढायचाय."

"चंद्राचा?"

"नाही. त्याच्याही पलीकडचा. दीर्घिका असतात, तेजोमेघ असतात, तसलं काहीतरी. फार लांबचं."

"ताई, एक सांगू? नवीन माणसानं आधी डोळ्यांनी बघावं. आकाश ओळखीचं झालं की मग कॅमेरा. नाहीतर चार दिवसांत कंटाळा येतो आणि सगळं सामान माळ्यावर जातं. मी सगळ्यांना हेच सांगतो."

तिनं हातातला रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. नवरा आपल्या चपलांकडे बघायला लागला.

"मला रात्री दिसत नाही," ती म्हणाली. "जन्मापासूनच. दिवसा सगळं स्वच्छ, अंधार पडला की संपलं. चंद्र बघितलाय मी. तारा एकही नाही."

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची टूं-टूं तेवढी ऐकू येत राहिली.

"उजेडातलं दिसतं मला," ती पुढे म्हणाली. "कॅमेऱ्याचा पडदा उजेडाचाच असतो ना?"

दुकानदारानं पांढऱ्या दुर्बिणीच्या तोंडावर झाकण बसवलं. मग काउंटरखाली वाकून त्यानं एक काळं यंत्र वर काढलं. जेवणाच्या डब्याएवढंच होतं, पण ठेवताना काउंटरची काच दणकली.

"सगळे दुर्बिणीची नळी मागतात," तो म्हणाला. "खरं काम ह्याचं. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. दोन मिनिटं शटर उघडं ठेवलं तर ठिपक्यांच्या रेघा होतात. हा ट्रॅकर कॅमेऱ्याला उलटा फिरवतो. जेवढी पृथ्वी, तेवढाच हा. दिवसाला एक फेरी."

त्यानं सेल भरून बटण दाबलं. तिनं यंत्रावर तळवा ठेवला.

"चालू आहे?"

"आहे."

"काहीच हलत नाही."

"आपण हलतोय, ताई. ते थांबलंय."

तिनं तळवा काढला नाही. दुकानाच्या भिंती, रस्ता, रस्त्यापलीकडचं औषधांचं दुकान, सगळं धावत होतं, आणि हाताखालची एवढीशी वस्तू आकाशाला धरून उभी होती. नवरा स्टुलावरून उठून आला आणि त्यानंही आपलं एक बोट हळूच यंत्राला लावून पाहिलं.

"डोळा उजेड साठवत नाही," दुकानदार म्हणाला. आता त्याचा विकण्याचा सूर गेला होता. "आला, दिसला, गेला. कॅमेरा दोन मिनिटं थेंब थेंब गोळा करतो. असे पन्नास फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायचे. कचरा निघून जातो आणि जे खरंच तिथं आहे ते उरतं."

पुढचा तासभर निवडण्यात गेला. कॅमेरा वापरलेला, पण पडदा बाहेर वळणारा, म्हणजे मान वाकडी करायला नको. दुकानदारानं पुढे केलेले दोन ट्रायपॉड नवऱ्यानं वरून दाबून बघितले आणि बाजूला सारले.

"हे डुगडुगतात. शिडी अशी असती तर मी कधीच हात-पाय मोडून घेतले असते."

तिसरा जड होता, कुरूप होता, आणि दाबल्यावर तसूभरही हलला नाही. लेन्सही तिनं तिसरीच घेतली. कडेचा रंग उडालेला, आपोआप काही होत नव्हतं, पण ट्यूबलाइटची सगळी प्रतिबिंबं तिच्यात एका ओळीत उभी राहिली.

"फोकस हातानं जुळवावा लागेल हं."

"हातानंच तर जुळवते मी सगळं."

बिल करताना दुकानदार अडखळला. "हे यंत्र लावताना ध्रुवताऱ्याकडे रोखावं लागतं. त्यात छोटी दुर्बीण आहे, तिच्यातून बघून. तेवढं मात्र..."

"मी आहे ना," नवरा म्हणाला.

घरी परतताना बसमध्ये खोकं त्याच्या मांडीवर होतं. तो बराच वेळ खोक्याची चिकटपट्टी नखानं खरवडत राहिला.

"फार आशा धरू नकोस," शेवटी तो म्हणाला. "नाही जमत एकेकाला."

तिनं मान डोलावली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. सुरुवातीला ती विचारायची, कसे दिसतात हो? तो म्हणायचा, ठिपके असतात गं, विशेष काही नाही. हे तो आपल्यासाठी बोलतो, हे कळल्यावर तिनं विचारणं सोडून दिलं होतं.

दोन दिवस ढग होते. तिसऱ्या संध्याकाळी आभाळ निवळलं आणि साडेसातला दोघं गच्चीवर गेली. जिन्यात त्यानं तिचं कोपर धरलं होतं. गच्चीवर तिला खालच्या रस्त्यावरचे दिवे दिसत होते आणि त्यांच्या वर काळं. तो गुडघे धरत, कण्हत खाली बसला आणि यंत्राच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावून ध्रुवतारा शोधायला लागला. सापडेपर्यंत त्यानं कंबर, वय आणि दुकानदार या तिघांचाही उद्धार केला.

"धरला," तो म्हणाला. "आता तुझं."

तिनं पडदा बाहेर वळवला. दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे मोठं करून पाहिलं, तर मधोमध एक फिकट, गोल डाग होता. ती लेन्सचं कडं फिरवत गेली, केसभर, आणखी केसभर. डाग लहान होत गेला, घट्ट होत गेला आणि एका क्षणी टोचेल इतका बारीक झाला.

"हा तारा आहे?"

तो तिच्या खांद्यावरून वाकला. "हो."

तिचा हात कड्यावरून आपोआप सुटला. काही वेळ ती नुसती बघत राहिली. त्यानंही घाई केली नाही.

मग दुकानदारानं कागदावर काढून दिलं होतं त्याप्रमाणे त्यानं शर्मिष्ठेचे तारे शोधले, तिच्या टोकापासून वर मोजत गेला आणि कॅमेरा देवयानी दीर्घिकेकडे वळवला. तिनं बटण दाबलं. दोघं दोन पावलं मागे सरली, धक्का लागू नये म्हणून. दोन मिनिटं इतकी लांब असतात हे दोघांनाही माहीत नव्हतं.

शटर मिटल्याचा आवाज आला आणि पडदा उजळला.

आभाळ तांबूस उमटलं होतं, शहराच्या दिव्यांनी. त्यात तारेच तारे, मोजता न येणारे. आणि मधोमध, तिरका, लांबट, आतून पेटल्यासारखा एक उजेड. मधे दाट, कडांना विरत विरत गेलेला. तिनं बोट पडद्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"काय गं?" त्यानं घाबरून विचारलं. "नाही आलं का?"

तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. त्यानं पाहिलं. मग वर पाहिलं. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला आणि रस्त्याच्या दिव्याला हाताचा आडोसा करून पुन्हा वर पाहिलं.

"कुठंय हे?"

"कॅमेऱ्याचं तोंड जिकडे आहे, तिकडे."

"तिथं काही नाही."

"आहे."

"अगं, एकही तारा नाही तिथं. नुसतं काळं आहे."

"पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय तो उजेड," ती म्हणाली. "सहा चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी जागा लागेल ना, तेवढा पसरलाय. मी वाचलंय."

तो पडद्याकडे आणि आभाळाकडे आळीपाळीनं बघत राहिला. साठीला आलेला माणूस, रोज संध्याकाळी याच आभाळाखालून घरी येणारा. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"परत काढ. मी ह्या वेळी वरच बघत राहतो."

तिनं बटण दाबलं आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यानं मान जितकी मागे जाईल तितकी मागे टाकली होती. तिनंही टाकली. दोघं एकाच जागेकडे बघत होती.

शटर मिटलं.

"झालं," ती म्हणाली. "या, आता बघा."