एका ताऱ्याचा जबाब

कॉफीची रिकामी पुडी उभी दुमडून समोरचा तरुण अधिकारी त्या पुडीनंच कॉफी ढवळत होता, आणि पुडीच्या कडेला चिकटलेला पावडरीचा ओला ठिपका आत्ता पडेल, मग पडेल, एवढंच पे मीरानला दिसत होतं... अपार्टमेंटच्या व्यवस्थापन कचेरीत ती स्वतः रोज अशीच ढवळायची. पण तिथं समोर बसलेला माणूस आपला जबाब घेत नसतो. बावन्न वर्षांत पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली नव्हती, आणि चढली ती एका टोपापायी — केसांच्या टोपापायी.

"घ्या बाई, गरम आहे तोवर." मेंग नावाच्या त्या तरुण अधिकाऱ्यानं कप तिच्याकडे सरकवला आणि पडद्यावरचं वाचायला सुरुवात केली. "'आजारी माणसासाठी या दुकानातून टोप घेऊ नका. भर लग्नात माझ्या आईच्या डोक्यावरून घसरला. मालकीण म्हणते, जपून वापरायचा. मरायला टेकलेल्या बाईनं आणखी किती जपायचं?' खाली पाचपैकी एक तारा. नेटवर हे तुम्हीच लिहिलंत?"

आपले शब्द परक्या तोंडून ऐकताना ते किती धारदार आहेत हे जाणवून तिला क्षणभर बरंच वाटलं.

"मीच. आणि शब्द न् शब्द खरा आहे."

"असेल. दुकानाच्या मालकीण थाक हीजाबाई ते खोटं आहे असं म्हणतच नाहीत."

"मग तक्रार कसली?"

"बदनामीची. खरं लिहूनही ती होते, बाई. कायदाच तसा आहे." तो हे दिवसातून चारदा सांगत असावा. "टोप घसरला का, हे मी विचारतच नाहीये. का लिहिलंत, ते सांगा. लोकांना सावध करायला, की त्यांचं नाव घालवायला?"

का... सकाळी भावानं, ग्यूहोनंही हेच विचारलं होतं, फक्त घरच्या भाषेत. "ताई, काढून टाक ना ते! दोन ओळी माफीच्या खरड, ती बाई तक्रार मागं घेईल. दुकान बसलंय म्हणे तिचं."

"बसू दे. तुझ्याच मुलीच्या लग्नात झालं ना ते?"

"झालं. पण आई हसली होती गं."

हसली होती. नव्या नवरीच्या पसरलेल्या ओच्यात आशीर्वादाची सुकी बोरं टाकायला आई वाकली आणि टोप कपाळावरून सरकत एका कानावर लोंबला, आणि आईच आधी हसली, "अगं बाई, हा माझ्याआधीच निघाला!" म्हणाली, आणि सगळे हसले. मीरान सोडून. पुढं सात आठवड्यांनी आई गेली, आणि दिवसकार्य आटोपल्याच्या दुसऱ्या दिवशी मीराननं एका दमात ते लिहून काढलं. लिहून झाल्यावर तिला कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच भूक लागली होती.

"लोकांसाठी," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या आईवर ही पाळी येऊ नये म्हणून."

कळफलक खडखडला. तिचं वाक्य त्यानं जसंच्या तसं घेतलं, आणि पडद्यावर उमटताना ते तिला एखाद्या सूचनाफलकावरचं वाटलं.

"आणखी एक. हीजाबाई म्हणतात, अंगावरचं मांस उतरतं तसं डोक्याचं मापही उतरतं, म्हणून दुसऱ्यांदा माप द्यायला या, असे त्यांनी दोन फोन केले. तुम्ही आईला नेलं नाहीत. खरं आहे?"

"...कामात होते."

त्या दोन्ही दिवशी तिची कचेरी बंद होती. हे तो विचारणार नव्हता, आणि विचारलं असतं तरी काय सांगायचं होतं? पहिल्या वेळचं ते अरुंद दुकान, हीजाबाईनं आईची लोकरी टोपी अलगद उतरवलेली, मापाची फीत बाजूला ठेवून नुसत्या तळव्यांनी ते उघडं डोकं दोन्ही बाजूंनी धरलेलं — कच्चं फळ जोखावं तसं, घाई न करता — आणि आईनं डोळे मिटलेले. "किती ऊब आहे हो तुमच्या हातांत," आई म्हणाली होती, आणि खुर्चीतच तिचा डोळा लागला. घरी औषध घेऊनही न लागणारा. मीरान दाराशी उभी. खांद्यावर आईची पिशवी. औषधांच्या वेळा, तांदळाची पेज, चादरी, दवाखान्याच्या चकरा, सगळं तिनं केलं होतं, काही म्हणता काही चुकवलं नव्हतं. पण ती टोपी तिनं कधी काढली नव्हती... डोकं पुसायचं ते आई स्वतःच पुसायची, न्हाणीघराचं दार लोटून, आणि मीरान बाहेरून विचारायची, झालं का?

मला पुन्हा ते बघायचं नव्हतं. त्या बाईचे हात, आईच्या डोक्यावर.

यंत्रातून कागद बाहेर आले. "वाचून घ्या. प्रत्येक पानावर अंगठा. काही बदलायचं, वाढवायचं असेल तर शेवटी जागा सोडलीय, तिथं स्वतःच्या हातानं लिहा."

तिनं वाचलं. सगळं खरं होतं. टोप घसरला हे खरं, मालकीण तसं बोलली हे खरं, लोकांसाठी लिहिलं — तेही अगदीच खोटं नव्हतं. इतके दिवस छातीत कोळशासारखा धगधगत ठेवलेला राग तिनं चाचपून पाहिला. तो जागेवर होता, पण त्याची ऊब लागेना. तिनं पेन उचललं. मोकळ्या जागेवर टेकवलं.

"वेळ लागला तर चालेल ना?"

"चालेल. सावकाश लिहा."

आईचं डोकं हाताला कसं लागलं असतं, ते ती आठवू पाहत होती. गुळगुळीत? की बारीक लव होती? थंड? हीजाबाईला ते ठाऊक होतं. मीरानच्या स्वतःच्या हातांना ते ठाऊक नव्हतं, आणि आता कुणाला विचारता येणार होतं तर त्या एकाच बाईला.