प्रेमराजच्या नावाची मूठ

प्रेमराज आबांचं खरं नाव वना आहे, हे आता जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. आई गेली, बायकोही गेली. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, मतदार यादीत सगळीकडे प्रेमराज तोताराम. आणि वना तोताराम? तो शाळेसमोरच्या दगडावर होता, एकाहत्तरच्या लढाईतला शहीद म्हणून. दर पंधरा ऑगस्टला आबा धुतलेली टोपी घालून जायचे आणि त्या दगडाला हार घालायचे. तेव्हा ते दगडावरच्या नावाकडे बघायचे नाहीत. भावाच्या आठवणीनं बघवत नाही, असं लोक म्हणायचे. लोकांना काय, गहिवरायला निमित्तच हवं असतं.

यंदा आषाढात नात मेघा धुळ्याहून आली ती कागद नाचवतच. कॉलेजात इतिहास शिकवणारी ही पोरगी, जुनी दप्तरं चाळण्याचं तिला भारी वेड. वर उत्तरेच्या डोंगरात, ढासळलेल्या खंदकात एका जवानाची हाडं सापडली होती. गळ्यातली ओळखीची पट्टी इतकी गंजलेली, की तिच्यावरचे दोनच आकडे लागत होते. त्या चौकीवरचे दोघेच जण आजवर बेपत्ता होते. एक वना तोताराम, दुसरा कुठल्या तरी दूरच्या राज्यातला.

"आबा, वना बाबा सापडले असतील!" मेघा म्हणाली.

आबांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. तो आनंदानं सांडला असं तिला वाटलं.

पत्राचा पुढचा भाग मात्र वाईट होता. डॉक्टरांच्या मते ती हाडं सोळा-सतरा वर्षांच्या पोराची. खांद्याजवळच्या हाडांची टोकं अजून जुळायची होती. कागदांवर वना वीस वर्षांचा आणि तो दुसरा अठराचा. म्हणजे हाडं दुसऱ्याचीच धरायची. त्याच्या घरात रक्त जुळवून पाहायलाही कुणी उरलेलं नव्हतं, आणि वयाचा पुरावा असल्याशिवाय आबांचं रक्त तपासायला खातं तयार नव्हतं. पंधरा दिवसांत पुराव्यासह हरकत आली नाही, तर त्या दुसऱ्याच्याच नावानं तिकडे अग्नी द्यायचा, असं ठरलं होतं.

"सोळा-सतरा," आबा पुटपुटले. बरोबरच होतं. प्रेमराज तेवढाच होता.

एकाहत्तरच्या सुरुवातीला जळगावला सैन्यभरती होती. सातवी पास वना शाळेचा दाखला घेऊन रांगेत उभा राहिला आणि धाकटा प्रेमराज भाकरीचं गाठोडं घेऊन सोबत आला. रांग सरकत गेली तसा वना पुन्हापुन्हा कुंपणाकडे बघायला लागला. चार माणसं पुढे उरली आणि वना रांगेतून पळाला, सरळ कुंपणाबाहेर. प्रेमराज मागून धावला. पोरगा उंचीनं थोराड, चौथी नापास. "दे इकडे दाखला," तो हसत म्हणाला, "तू घर र्‍हाय. मी जास." गाठोडं वनाच्या हातात देऊन तो रांगेत शिरला. ती भाकरी वनानं परतीच्या वाटेवर खाल्ली. खाल्ली, हे त्याला अजून टोचत होतं.

वर्ष संपता संपता तार आली, वना बेपत्ता, बहुधा मृत. भरतीपासून गावात तोंड न दाखवलेला वना दाराआड उभा होता, आणि आईला त्याच्याच नावानं हंबरडा फोडावा लागला. खरं नाव घेतलं असतं तर सरकारची फसवणूक उघडी पडून हाही पोरगा तुरुंगात गेला असता. "कानबाईनी आण शे तुले," आई रात्रंदिवस बजावत राहिली, "हाई गोट कोनलेच सांगू नको." महिन्याभरात तिनं पाचोऱ्याकडचं गाव सोडलं आणि अमळनेर तालुक्यात, कुणी ओळखत नाही अशा गावी बिऱ्हाड आणलं. इथं वनाचा प्रेमराज झाला.

श्रावणात खानदेशची देवी कानबाई घरोघरी बसते, तेव्हा घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू रोटांसाठी, नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, काढायचे, ही घरची रीत. मेलेल्याची मूठ बंद होते. पण आईनं वनाचीही काढली आणि प्रेमराजचीही काढली. ज्याला मेलेलं डोळ्यांनी पाहिलं नाही त्याची मूठ बंद करायची नाही, असं तिचं म्हणणं. तिच्यामागे आबांच्या बायकोनं आणि नंतर त्यांची सून, मेघाची आई उषा, हिनंही तेच चालवलं.

मेघा काही स्वस्थ बसणारी नव्हती. "मास्तर लोक सगळ्या पोरांना एक जून लावून मोकळे व्हायचे," ती म्हणाली. "वना बाबांचं वय वाढवून लावलं असेल." आबांना बरोबर घेऊन तिनं पाचोरा गाठलं. गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात दोघे भाऊ सापडले: वना, एक जून एक्कावन्न, प्रेमराज, एक जून चोपन्न. "बघा, म्हटलं नव्हतं?" ती हरखली.

मग तहसीलचं दप्तर. तिथल्या लताबाईंनी गावची जन्माची जुनी वही काढून दिली. आबा बाकावर बसून देवाला विनवत होते की ते पान वाळवीनं खाल्लेलं असू दे. नंतर स्वतःचीच लाज वाटली. भाऊ पन्नास वर्षं बर्फात पडून होता आणि यांना वाळवी हवी होती.

पान धडधाकट निघालं. तोतारामचा मुलगा वना, जन्म मार्च एक्कावन्न. मास्तरांनी वय वाढवलं नव्हतं, उलट थोडं कमीच केलं होतं. मेघानं वही मिटली. तिचे डोळे भरले होते.

"संपलं, आबा. ते आपले नाहीत."

चौदाव्या दिवशी जळगावच्या कार्यालयात दीपक नावाच्या कारकुनानं एक कागद पुढे ठेवला. 'सदर अवशेष माझ्या भावाचे नाहीत, माझी हरकत नाही.' खाली सही, प्रेमराज तोताराम. आबांनी पेन हातात घेतलं. ही सही पन्नास वर्षांत त्यांनी हजार वेळा केली असेल. आज प्रेमराजचं नाव लिहून प्रेमराजलाच परका म्हणायचं होतं. आईची आण आठवली, तुरुंग आठवला, शेजारी बसलेली नात दिसली. पेन कागदाला टेकेना.

"बाबा, इथे करा," दीपक म्हणाला.

"नही," आबा म्हणाले. "तो मना भाऊ शे. मीच वना शे. तो प्रेमराज व्हता, सतरा वरीसना. मी घाबरी गऊ, आन् तो मना नाववर गया."

दीपकनं तो कागद बाजूला सारला, कोरा काढला आणि म्हणाला, "सगळं लेखी द्या. मग रक्त घ्यायला लावतो. पुढे काय होईल ते मला सांगता येणार नाही."

परतीच्या एसटीत मेघा पलीकडच्या सीटवर बसली. अमळनेर येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली. "दर पंधरा ऑगस्टला तुम्ही स्वतःच्याच नावाला हार घालत होतात?" आबांनी मान हलवली. मग ती धुळ्याला गेली आणि तिचा फोनही बंद झाला.

श्रावणात पत्र आलं. रक्त जुळलं होतं. अस्थींची पेटी पुढच्या आठवड्यात येणार होती. तुरुंगाबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं, आणि आबांना आता त्याची पर्वाही नव्हती. त्यांची नजर फक्त मेघासाठी फाट्याकडे लागलेली असायची.

कानबाईच्या आदल्या दिवशी मेघा आली. सरळ आईच्या शेजारी सूप धरून बसली. उषानं एकेकाचं नाव घेत गहू काढायला सुरुवात केली. लेकाची मूठ झाली, नातवाची झाली. आता तिचा हात पोत्यातच थांबला.

"आबा," ती चाचरत म्हणाली, "आत्ते कोन्ही मूठ बंद करू?"

मेघानंच वाकून गव्हाची मूठ भरली. "ही वनानी," ती म्हणाली आणि सुपात टाकली. वर पाव मूठ टाकली. मग दुसरी मूठ भरून तिनं आबांच्या ओंजळीत दिली.

"ही तुम्ही परत टाका, वना आबा."

आबांनी ओंजळ पोत्यावर धरली. बोटांतून गहू ओघळायला लागले तसा त्यांच्या छातीतून आवाज फुटला, शेजारची माणसं दारात जमा झाली एवढा मोठा. "प्रेमराज! अरे मना प्रेमराज!" पन्नास वर्षांत त्या पोरासाठी त्या घरात पहिल्यांदा त्याच्या नावानं कुणी रडत होतं.