बाराव्या सर्व्हरचं घड्याळ

बाळांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. भर दुपारी स्वेटर घालावा लागेल इतकी गार. लोखंडी कपाटांत बारा सर्व्हर एकसारखे घुमताहेत. अकरांना चालवणारी प्रणाली लिनक्स, बाराव्याची मात्र जुनीपुराणी युनिक्स. समोर एक आई लॅपटॉप घेऊन बसली आहे आणि शाळेला सुट्टी म्हणून तिची नऊ वर्षांची मुलगी शेजारी कामांची यादी धरून.

तीन वाजता या सर्व्हरांवर देखरेखीचं सॉफ्टवेअर चढवायचं होतं. ते दर मिनिटाला प्रत्येकाला विचारतं, "बरा आहेस ना?" पण त्याआधी तयारी लागते. डिस्कवर जागा हवी, सॉफ्टवेअरसाठी वेगळं खातं हवं, फायरवॉल नावाच्या पहाऱ्यातून त्याला वाट हवी आणि सगळ्यांची घड्याळं जुळायला हवीत. एखाद्याचं घड्याळ मागे असलं, तर त्याचं उत्तर शिळं ठरतं आणि तो बंद पडलाय असं धरलं जातं.

आईची नोकरी अजून कच्ची होती. आजचं काम बिनचूक झालं तर पक्की, नाहीतर घरी. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं.

"आई, हा बारावा सात मिनिटं मागे आहे," मुलगी म्हणाली.

लिनक्सवाले आपली वेळ आपणच जुळवून घेत. या म्हाताऱ्याची हाताने लावावी लागे. आई मात्र त्याचं खातं तयार करण्यात गुंतली होती.

"लावते गं नंतर. तू खूण कर आणि जरा तोंड बंद ठेव."

मुलीने यादीवर बरोबरची खूण केली. आई विसरली.

तीन वाजता साहेब दोन माणसं घेऊन आले. सॉफ्टवेअर चढलं आणि पडद्यावर एकेका सर्व्हरचा दिवा हिरवा होत गेला. बारावा लाल.

"अरेरे!" साहेब हसले. "बाई, नेमकं परीक्षेच्या दिवशीच नापास?"

आई घाईघाईने म्हणाली, "सर, घड्याळं बघायचं काम हिला दिलं होतं. हिनेच खूण केली."

साहेबांनी यादी उचलली. "काय गं चिमणे, तू केलीस ही खूण?"

मुलीने आईकडे पाहिलं. आई पडद्याकडेच बघत होती.

"हो," मुलगी म्हणाली. "माझं चुकलं."

तिला वाटलं, सुटली आई.

"घड्याळ काय, मिनिटभरात लावता येतं," साहेब गोड आवाजात म्हणाले. "पण आमचे सर्व्हर तुम्ही पोरीच्या भरवशावर सोडलेत? वा! उद्यापासून दोघी घरीच खेळा."

मागचे दोघे फिदीफिदी हसले.

आईने पर्स उचलली. जिन्यात ती फिस्कारली, "एवढंही धड बघता येत नाही तुला?"

रस्ता ओलांडताना आईने सवयीने हात पुढे केला. मुलीने आपले दोन्ही हात खिशात घातले, दोन्हीकडे नीट पाहिलं आणि एकटीच पलीकडे गेली.