गुदेगमधलं अंडं आणि मी

मित्रांनो, इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरातल्या एका प्रयोगशाळेत, फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यात मी राहते. मी प्रतिपिंडांची एक जुनी कुपी. मला हातात धराल तर बोटं बधिर होतील. माझंही आतून तसंच झालं आहे.

माझा जन्म एका सशाच्या रक्तात झाला. तो पांढरा होता की करडा, मला आठवत नाही. मला एकच काम येतं: पेशीच्या पडद्यात बसून स्निग्ध पदार्थांचे निरोप घेणारा एक ग्राही ओळखायचा आणि त्याला घट्ट चिकटायचं. बाकी मी कुणाला ओळखत नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग जो तो मला वितळवी, थेंबभर घेई आणि पुन्हा गोठायला ठेवी. दर वेळी माझ्यातलं थोडं मरे. सांगणार कुणाला?

पुढे वेनिंग नावाची एक संशोधक विद्यार्थिनी आली. आजारी यकृतात हा ग्राही वाढतो, हे तिला दाखवायचं होतं. ती पेशींचे नमुने उकळायची, जेलीतून सरकवायची, पांढऱ्या कागदावर उतरवायची आणि त्यावर मला ओतायची. ग्राही सापडला की काळी रेघ उमटते. पण कागद दर वेळी कोराच. फक्त वरच्या कडेला, नमुने सोडतात तिथे, एक काळपट डाग.

"कुपी मेलीये, बू," ती प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना म्हणाली. इथे बाईंना 'बू' म्हणतात.

"मग टाक ती," बू रेत्नो म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत काही दिसलं तर ठीक. नाहीतर हा विषय सोड, बाळ."

मला टाकायच्या सामानात ठेवलं. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

दाराबाहेरच्या बाकावर वेनिंग आणि तिच्यासोबत काम करणारी धाकटी लारास जेवत होत्या. लारास तिला 'म्बाक', म्हणजे ताई, म्हणते.

"खा की, म्बाक! अंड्याकडे काय बघत बसलीस?"

"केवढं घट्ट झालंय हे."

"गुदेगमधलं, फणसाच्या भाजीतलं आहे. रात्रभर शिजतं. तुझ्या नमुन्यांसारखं!" लारास खिदळली.

वेनिंग हसली नाही. "लारास, नमुने आपण उकळतो कशाला?"

"सगळेच उकळतात. रीत आहे."

"पण हा ग्राही पडद्यातला. उकळून त्याचा या अंड्यासारखा घट्ट गोळा झाला, तर जेलीत शिरणार कसा? वरच अडकणार!"

"अगं बाई... म्हणजे तो डाग?"

"तोच तो!"

तिने मला बाजूला काढलं, नवे नमुने न उकळता घेतले. रेघ उमटली. ज्या पेशींत ग्राही नव्हताच, तिथे कोरं राहिलं. शुक्रवारी बू रेत्नोंनी चष्मा वर करून कागद पाहिला.

"आणि हिला टाकत होतीस?"

"तुम्हीच म्हणालात, बू."

"मी म्हटलं म्हणून काय झालं? विचारायचं तरी!"

रेघ फिकी होती. तो दोष ग्राहीचा नव्हता, मीच थोडी उरले होते. वेनिंगने ते थोडंही चिमुकल्या नळ्यांत वाटून ठेवलं. आता प्रत्येक नळी एकदाच वितळेल.

मित्रांनो, कुणी गप्प राहिलं की ते मेलं असं धरू नका. त्याच्यापुढे तुम्ही काय आणून ठेवलंत, ते आधी बघा. मी अजून ओळखते. आनंद झाला का, ते मात्र विचारू नका. इथे फार थंडी आहे.