उबवणीच्या पेटीतली चिप

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. नखाएवढी, काळी, दोन्ही कडांना बारीक पाय असलेली. जाणकार मला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. मी जिच्या घरी कामाला आहे ती मावशी मात्र 'झुरळ' म्हणते, तेही लाडाने!

माझी उमेदीची वर्षं कपडे धुण्याच्या यंत्रात गेली. यंत्र भंगारात निघालं आणि मी दुरुस्तीच्या दुकानातल्या एका डबीत पडून राहिले. कुणी विचारेना. शेवटी दुकान चालवणाऱ्या ताईने मला उचललं, माझी पाटी कोरी केली आणि नवं काम शिकवलं. तिच्या मावशीची बदकीण अंडी घालून खुशाल तळ्यावर निघून गेली होती. ती उबवायला ताईने दिवा लावलेली एक पेटी बनवली आणि तिचा कारभार माझ्याकडे दिला.

ऊब मोजायची, आकडा दाखवायचा, दिवा लावायचा नाहीतर मालवायचा, की पुन्हा ऊब मोजायची. ही माझी रोजची फेरी. मधेच कुणी झाकण उघडलं, की माझ्या एका पायाला टोचणी लागते. तिला इंटरप्ट म्हणतात. मग मी हातातली सूचना पुरी करते, कुठे थांबले ते टिपून ठेवते, झाकणाचं काम उरकते आणि जिथून उठले तिथेच परत येते. अंडी फार तापली, तर दुसऱ्या पायाला टोचणी. मात्र एका हाकेचं काम चालू असताना दुसरीला ताटकळावं लागतं.

ताईने मला सांगून ठेवलं होतं, झाकण उघडलं की ते बंद होईपर्यंत शिट्टी वाजवत राहायचं. तिथेच घोटाळा झाला.

एका दुपारी मावशीने अंडी न्याहाळून झाकण लावलं, पण आतल्या फडक्याचं टोक कडेत अडकलं. झाकण केसभर उघडंच राहिलं. मी शिट्टी वाजवत बसले. तेव्हा दिवा लागलेला होता, तो तसाच जळत राहिला आणि आकडाही जुनाच राहिला. ऊब चढली, दुसरी हाक आली, पण मी शिट्टीतून उठेन तर ना!

"अगं, लावलंय की झाकण! किती कटकट करशील?" असं म्हणून मावशीने पेटीवर जाड चादर टाकली.

तेवढ्यात ताई आली. तिने चादर उचलून पेटीच्या काचेला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"मावशी, पेटी केवढी तापलीय!"

"आकडा तर बरोबर दाखवतेय."

"तो मघाचा आकडा आहे!" ताईने वायर उपटली आणि झाकण सताड उघडलं.

मावशी पेटीवर वाकली. "गेली का गं माझी पिल्लं?"

ताईने एकेक अंडं विजेरीवर धरून पाहिलं. आत एक सावली वळवळली. मग दुसरी. "आहेत! सगळी हलताहेत!"

मावशीने डोळे पुसले, तशी ताई हसायला लागली. "चूक माझी. मी हिला अगदी तुझ्यासारखं करून ठेवलं. दारात शेजारीण आली की तू गप्पांत रंगतेस आणि आत दूध उतू जातं."

"एकदाच गेलं होतं."

"मावशी!"

"बरं, दोनदा."

ताईने मला त्याच दिवशी नव्याने शिकवलं. आता झाकणाची हाक आली, की मी नुसती एक खूण करते आणि लगेच परतते. शिट्टी वाजवायची ती नेहमीच्या फेरीत. त्यामुळे कुणालाच ताटकळावं लागत नाही.

पिल्लं बाहेर यायला लागली त्या सकाळी तर माझी नुसती तारांबळ उडाली! मावशी घडीघडी झाकण उघडत होती, शेजारीण डोकावत होती, मधेच ऊब वर जात होती. मी प्रत्येक हाकेला धावले आणि दर वेळी माझ्या जागेवर परतले. ओलीचिंब, चिडकी, चिवचिवणारी पिल्लं एकमेकांच्या अंगावरून धडपडत होती. मावशी हसत होती, रडत होती आणि शेजारणीला सांगत होती, "बघ, माझ्यावरच गेलीत!"

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू टाकण्याआधी त्यांना एकदा नवं काम देऊन पाहा. आणि कामात असताना कुणी हाक मारली, तर कपाळाला आठ्या घालू नका. पुस्तकात बोट ठेवा, 'ओ' द्या, जाऊन या. कोण जाणे, एखाद्या अंड्याला नुकताच पहिला तडा गेला असेल आणि तो एकट्याने पाहावासा वाटत नाही, म्हणून कुणीतरी तुम्हाला बोलावत असेल.